कॉलेजच्या आवारात वेगळा केलेला कचरा शेवटी एकत्रच होतो, काय करावे?

वेणुग्राम यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. बेळगाव शहराला लागून असलेल्या एका पदवी महाविद्यालयात मी शिकवते. विद्यार्थी अकराशेच्या घरात, आवार सुमारे सहा एकरांचे, एक कँटीन, मुलींचे एक वसतिगृह, रसायनशास्त्राची आणि संगणकाची प्रयोगशाळा, शिवाय कुणा जाणत्या प्राचार्यांनी कधीकाळी लावलेली भरपूर झाडे, असा आमचा संसार आहे. दीड वर्षापूर्वी मूल्यांकन समितीची भेट ठरली, तेव्हा प्रत्येक मजल्यावर ओल्या कचऱ्याचा हिरवा, सुक्याचा निळा आणि सॅनिटरी कचऱ्याचा लाल असे तीन डबे बसवण्यात आले. फीत कापली गेली, छायाचित्रे निघाली आणि अहवालातील एक पान भरले.

गेल्या महिन्यात पहिल्या तासाला लवकर पोचले, तेव्हा जिन्याखाली सफाईच्या मावशी हिरवा आणि निळा असे दोन्ही डबे एकाच ढकलगाडीत पालथे करताना दिसल्या. मी विचारले, तर काहीही न लपवता त्या म्हणाल्या, “मॅडम, खाली टॅक्टर एकच येतोय की. वर येगळं ठेवून मी काय करू?” माझ्या मागे बी.कॉम. द्वितीय वर्षाची चार-पाच मुले उभी होती आणि त्यांनी हे सगळे ऐकले. तेव्हापासून वर्गात मी कचऱ्याचा विषय काढला की मागच्या बाकावरून “टॅक्टर एकच येतोय की” असा आवाज येतो, आणि त्यावर माझ्याजवळ खरोखरच उत्तर नसते.

डब्यांवरील मजकूर कन्नड आणि इंग्रजीत आहे. ‘हसी कस’ म्हणजे ओला कचरा आणि ‘ओण कस’ म्हणजे सुका, हे येथे राहणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते, त्यामुळे भाषेची अडचण आहे असे मला वाटत नाही. अडचण डब्यांच्या पुढच्या प्रवासात आहे. शहराचा कचरा तुरमुरीच्या प्रकल्पाकडे जातो एवढे मला माहीत आहे, पण आमच्या फाटकापासून तेथपर्यंत तो वेगळा कसा राहावा, हे कोणी सांगितलेले नाही. ज्यांनी आपल्या संस्थेत प्रत्यक्ष काही करून पाहिले आहे, त्यांनी सुरुवात कोठून केली आणि ती टिकली कशी, हे कृपया सविस्तर लिहावे. घोषवाक्ये आणि भित्तिपत्रके आमच्याकडे पुरेशी आहेत.

निपाणीकर

मॅडम, आमच्याकडेही डबे आधी आले आणि विचार नंतर, त्यामुळे आपली अडचण मला पूर्ण समजते. मी काही वर्षे एन.एस.एस.चे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) काम पाहिले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की डब्यांना सध्या हात लावू नका. आधी एका दिवसाचा संपूर्ण कचरा एका जागी ओतून तो निवडा आणि तोला.

आम्ही त्यासाठी बुधवार निवडला, कारण सोमवारी सुट्टीचे साठलेले असते आणि शनिवारी निम्मे कॉलेज रिकामे असते. सायकल स्टँडच्या मागे मोठी ताडपत्री अंथरली, खताच्या दुकानातून ताणकाटा उसना आणला आणि वीस स्वयंसेवकांना रबरी हातमोजे देऊन कामाला लावले. पहिली दहा मिनिटे सर्वांनी नाके मुरडली, पण नंतर त्यांना त्यात चोराच्या मागावर निघाल्यासारखी गोडी वाटू लागली. त्या दिवशी आम्हाला जे कळले ते कोणत्याही व्याख्यानातून कळले नसते: वजनात कँटीनचे उष्टे आणि झाडांचा पाला भारी होता, तर जागा व्यापण्यात चहाचे कागदी कप. प्रत्येक मजल्यावरचा निळा डबा अकरा वाजताच भरत होता तो कपांनी, आणि डबा भरला की पुढचा माणूस हातातली वस्तू शेजारच्या हिरव्या डब्यात टाकत होता. आम्ही वर्षभर ज्याला मुलांची बेपर्वाई म्हणत होतो, ती पुष्कळशी जागेची टंचाई होती.

कागदी कप हा कागद नव्हे, हे त्यानंतर आम्ही शिकलो. त्याला आतून पॉलिथिलीनचा पातळ थर असतो. म्हणून तो रद्दीत चालत नाही आणि खतातही नीट कुजत नाही. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी 2020 मध्ये दाखवून दिले की अशा कपात 100 मिलिलिटर गरम पेय पंधरा मिनिटे राहिले, तर त्यात प्लॅस्टिकचे सुमारे 25,000 सूक्ष्म कण उतरतात. कर्नाटकात प्लॅस्टिकच्या पिशव्या, पेले, ताटल्या, चमचे आणि फ्लेक्स यांवर मार्च 2016 पासून बंदी आहे. देशभरातही एकदाच वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तू 1 जुलै 2022 पासून बंद झाल्या आहेत. प्लॅस्टिकचा पेला गेला आणि त्याच्या जागी हा कागदाचा मुखवटा घातलेला पेला आला, एवढाच काय तो फरक पडला.

आम्ही कँटीनमध्ये स्टीलचे पेले आणले. प्रथम जाहीर केले की स्टीलच्या पेल्यात चहा घेतल्यास दोन रुपये कमी लागतील, पण कोणी ढुंकूनही पाहिले नाही. मग तेच उलट केले, म्हणजे चहाचा दर तोच ठेवला आणि कागदी कप हवा असल्यास वर दोन रुपये आकारले. आठवड्याभरात चित्र पालटले. दोन रुपये वाचवण्यासाठी माणूस हलत नाही, पण दोन रुपये फुकट जाऊ नयेत म्हणून निश्चित हलतो.

कँटीनचालक पाण्याची सबब सांगेल, आणि ती अगदीच खोटी नसते, कारण उन्हाळ्यात राकसकोप जलाशयाची पातळी खाली गेली की बेळगावात पाणी किती दिवसांआड येते हे आपण जाणताच. त्यावर उपाय म्हणजे पेले वाहत्या नळाखाली न धुता तीन टपांत धुणे: पहिल्यात खरकटे निघते, दुसऱ्यात साबण लागतो, तिसऱ्या टपात स्वच्छ गरम पाणी असते. पहिल्या टपातील पाणी खराब झाले की झाडांना द्यावे. आणखी एक गोष्ट म्हणजे पुरीभाजीच्या ताटात पाचऐवजी तीन पुऱ्या वाढून, लागल्यास आणखी दोन मागून घेण्याची सोय ठेवल्यावर उष्ट्याची बादली दिसण्याइतकी हलकी झाली.

वडगावचा काटा

मी वडगावात भंगार आणि रद्दीचा व्यवसाय करतो. वडिलांपासूनचा धंदा आहे, आणि शहरातील दोन-तीन कॉलेजांचा माल माझ्याकडे येतो. कचऱ्यावर बोलताना लोक आम्हाला सहसा विचारत नाहीत, म्हणून थोडे मोकळेपणाने लिहितो.

निपाणीकर सरांनी सांगितलेले तोलण्याचे काम अवश्य करा, पण त्याही आधी कोणती वस्तू कोण नेणार हे ठरवा. ज्या वस्तूला घेणारा नाही, तिच्यासाठी वेगळा डबा ठेवणे म्हणजे मुलांना खोटे शिकवणे आहे. आमच्या दृष्टीने कॉलेजात चार गोष्टींना किंमत आहे. पांढरा लिहिलेला कागद, म्हणजे ब्लू बुक (चाचणीची उत्तरपुस्तिका), जर्नल, झेरॉक्सचे वाया गेलेले ताव, हा सर्वांत चांगला माल होय. पिना काढत बसू नका, कारण कागद गिरणीत लगदा होताना त्या आपोआप वेगळ्या पडतात. मात्र प्लॅस्टिकची मुखपृष्ठे आणि स्पायरल काढून द्या. पुठ्ठ्याचे खोके उघडून सपाट करून ठेवा. पाण्याच्या बाटल्यांत पारदर्शक बाटलीला रंगीत बाटलीपेक्षा चांगला भाव मिळतो. टोपण वेगळ्या जातीच्या प्लॅस्टिकचे असते. खात्री करायची असेल तर दोन्हींचे तुकडे पाण्यात टाकून पाहा, बाटलीचा तुकडा बुडतो आणि टोपणाचा तरंगतो. चौथी गोष्ट म्हणजे लोखंड, पत्रा आणि ॲल्युमिनियम.

चिप्सची पाकिटे मी घेत नाही आणि माझ्या ओळखीत कोणीच घेत नाही. त्यांत प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते वेगळे करणे कोणालाही परवडत नाही. असा माल फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातो. थर्मोकोलचेही तसेच. आणि सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ओल. अर्धा पेला चहा कागदाच्या गोणीत सांडला, तर आठवड्याने ती गोणी उघडताना आतून बुरशीचा वास येतो आणि वरच्यासह खालचाही कागद फुकट जातो. म्हणून निळा डबा कँटीनजवळ ठेवूच नये. तो स्टाफरूम, ग्रंथालय, झेरॉक्सचे दुकान आणि परीक्षा विभाग येथे ठेवावा. परीक्षेच्या जुन्या उत्तरपत्रिका पुष्कळ ठिकाणी बारीक कातरून देतात, पण त्याने कागदाचे तंतू तुटतात आणि भाव पडतो. त्याऐवजी गिरणीत लगदा होईपर्यंत तुमचा माणूस सोबत पाठवा.

आता मावशींविषयी. रागावू नका, पण तुम्ही ज्याला प्रश्न म्हणता तो मला वेगळा दिसतो. तीन डबे येण्यापूर्वी तुमच्या मावशी बाटल्या आणि पुठ्ठा निवडून बाजूला ठेवत असतील आणि महिन्याकाठी विकत असतील. बहुतेक कॉलेजांत असेच चालते, आणि ठेक्यावरच्या पगारात त्या पैशांना मोल असते. डबे आले, ‘प्रकल्प’ झाला, आणि रद्दीचे पैसे कॉलेजच्या खात्यात जाऊ लागले असतील. मग त्यांनी वेगळे का ठेवावे? माझ्याकडे माल देणाऱ्या एका संस्थेत हेच झाले होते. तेथे सहा महिने माल येईनासा झाला आणि कोणालाच कारण कळेना. शेवटी रद्दीचे पैसे सफाई कामगारांतच वाटण्याचे ठरले आणि तिसऱ्या आठवड्यापासून इतका स्वच्छ माल येऊ लागला की मला पुन्हा निवडावाही लागत नाही. त्या पैशांनी कॉलेज श्रीमंत होत नाही, पण चार बायांच्या घरी गॅसची टाकी येते.

जुने संगणक, यूपीएस आणि बॅटऱ्या मात्र मला देऊ नका, आणि माझ्यासारख्या दुसऱ्या कोणालाही देऊ नका. संगणक-यूपीएससाठी 1 एप्रिल 2023 पासून आणि बॅटऱ्यांसाठी त्याआधीपासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे तो माल नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडेच जायला हवा. तांब्यासाठी वायरी जाळणारे लोक मी पाहिले आहेत. त्या धुराजवळ दोन मिनिटे उभे राहवत नाही.

वेणुग्राम

वडगावच्या दादांचा प्रतिसाद वाचून मी चहा घेता घेता थांबले. दुसऱ्या दिवशी कार्यालयात चौकशी केली, तेव्हा कळले की डबे आल्यापासून रद्दीचा धनादेश खरोखरच संस्थेच्या खात्यात जमा होतो आणि रक्कम इतकी किरकोळ असते की हिशेबनीसांनाही ती चटकन आठवली नाही. हे मला एकदाही सुचले नव्हते, याची थोडी शरम वाटली.

कागदाचा मार्ग आता दिसतो आहे. पण उष्टे आणि पालापाचोळा यांचे काय? सध्या माळी पाला गोळा करून मैदानाच्या कोपऱ्यात पेटवतात, आणि हिवाळ्यात सकाळी तो धूर थेट वर्गात येतो.

खानापूरचे शिवार

पाला पेटवणे आजच थांबवा. पर्यावरण कार्यकर्त्या अल्मित्रा पटेल यांनी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या कचऱ्याविषयीच्या याचिकेचा पुढे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये निकाल दिला. त्यात उघड्यावर कचरा जाळल्यास 5,000 रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई आकारण्याचा आदेश आहे. शिवाय 2016 च्या घनकचरा नियमांनी 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवाराच्या संस्थांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्यास सांगितले होते. आपले सहा एकर म्हणजे सुमारे 24,000 चौरस मीटर. पण कायद्याच्या धाकापेक्षाही मला सांगायचे आहे ते हे की तुम्ही जाळता ती वस्तू खताचा अर्धा भाग आहे. उष्टे एकटे ठेवले तर सडते, पाला एकटा ठेवला तर वर्षभर तसाच राहतो, आणि दोन्ही एकत्र केले तर दोन महिन्यांत खत होते.

कारण साधे आहे. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कर्ब पंचवीस ते तीस भाग लागतो. भात, भाजी, उसळ यांत नत्र अधिक असते, वाळल्या पानांत कर्ब. तोलत बसण्याची गरज नाही, एक बादली उष्टे आणि दोन बादल्या चुरलेला पाला असा थर देत जा. मात्र कोणत्या झाडाचा पाला आहे ते पाहा. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्षाची बारीक पाने लवकर जिरतात. निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभळीची पाने चिवट असतात, ती झाडांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरावीत. आमच्या खानापूरकडे सागाचे पान सुपाएवढे असते. ते अख्खे टाकले, तर एकावर एक चिकटून त्यांचे छप्पर होते आणि खाली हवा जात नाही, म्हणून ते तोडून टाकावे लागते.

विटांचे दोन हौद बांधा, प्रत्येक तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच. विटांमध्ये हवेसाठी फटी ठेवा. एक भरत असताना दुसरा मुरतो. तळाशी फांद्यांचे तुकडे, त्यावर पाला, त्यावर उष्टे, पुन्हा पाला, आणि सुरुवातीला प्रत्येक थरावर पातळ शेणकाला शिंपडायचा. सर्वांत वरचा थर नेहमी पाल्याचाच हवा. उष्टे उघडे दिसले की माश्या, कावळे आणि कुत्री यांना निमंत्रण जाते. ओलावा पाहायचा तर मूठभर मिश्रण हातात घेऊन दाबावे. बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. उष्णता पाहायची तर ढिगाच्या पोटात लोखंडी सळई रात्रभर खुपसून ठेवावी आणि सकाळी काढून धरावी. हात चटकन मागे आला, तर आत पंचावन्न-साठ अंशांची धग आहे आणि काम ठीक चालले आहे. सळई थंड निघाली, तर एकतर ढीग कोरडा पडला आहे किंवा दाबला गेला आहे. आठवड्यातून एकदा तो फावड्याने खालीवर करावा. अमोनियाचा झणका येऊ लागला तर पाला वाढवा, नासक्या अंड्यासारखा वास आला तर हवा कमी पडते आहे असे समजा.

आपल्या भागातली खरी परीक्षा जून ते सप्टेंबरची असते. वर पत्र्याचे छप्पर आणि पावसाच्या बाजूने तट्ट्या नसतील, तर तीन आठवड्यांत हौदाचे डबके होईल. आणि पावसात वाळला पाला कोठून आणणार? तो फेब्रुवारी-मार्चमध्येच पोत्यांत भरून कोरड्या खोलीत साठवून ठेवायचा असतो. पहिल्या वर्षी हे आमच्या ध्यानात आले नाही. मग वखारीतून लाकडाचा भुसा आणून वेळ निभावली. ढिगात मोठ्या पांढरट अळ्या दिसल्या, तर घाबरून कीटकनाशक फवारू नका, त्या उष्टे फस्त करणाऱ्या माशीच्या असतात आणि आपलेच काम करतात. गांडुळे मात्र ढीग पूर्ण निवाल्यावरच सोडावीत. गरम ढिगात सोडलेली गांडुळे सकाळी मेलेली सापडतात. हे पाप माझ्या हातून घडले आहे.

उद्यमबाग

मी अभियंता आहे. खताऐवजी बायोगॅसचा विचार करावा असे सुचवतो. उष्टे, खरकटे आणि भाज्यांचे देठ यांपासून गॅस मिळतो, एक घनमीटर बायोगॅस साधारण 0.45 किलो स्वयंपाकाच्या गॅसइतकी उष्णता देतो, आणि तो कँटीनच्याच शेगडीला जोडता येतो. कचऱ्यातून ज्योत पेटलेली मुलांना डोळ्यांनी दिसते, हा शैक्षणिक लाभ वेगळाच. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टाकी आणि पाइपांचे काम करून देणारे पुष्कळ आहेत.

खानापूरचे शिवार

उद्यमबाग साहेब, आपले गणित बरोबर आहे, पण कॉलेजचे वेळापत्रक त्यात बसत नाही. बायोगॅसच्या टाकीतील जिवाणू जनावरासारखे असतात, त्यांना रोज थोडेथोडे खायला लागते. सेमिस्टरच्या सुट्टीत महिनाभर कँटीन बंद राहिले की टाकी उपाशी पडते. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी कोणी उत्साहाने दोन बादल्या भात ओतला की ती आंबते आणि गॅस बंद होतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीतही गॅस घटतो. वर्षभर चालणाऱ्या मोठ्या वसतिगृहात बायोगॅस उत्तम. केवळ कँटीनच्या भरवशावर मी तरी घालणार नाही. हौदाला सुट्टीचे काही वाटत नाही, तो मुरत राहतो.

माजी रेक्टर

वसतिगृहाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून दोन गोष्टी सांगते. पहिली भाताची. आमच्याकडे शनिवारी निम्म्या मुली चंदगड, संकेश्वर, गोकाककडच्या बस धरून घरी जात, आणि भात मात्र पूर्ण संख्येचा शिजत असे. रात्री पातेले पालथे करताना आचारी हळहळत असत, पण कोणाला किती जेवायचे आहे हे त्यांना सांगणारेच कोणी नव्हते. भोजनगृहाच्या दारात एक फळा टांगला, शुक्रवारी रात्रीपर्यंत घरी जाणाऱ्यांनी आपल्या खोलीच्या क्रमांकापुढे फुली मारायची असा नियम केला, आणि त्या एका फळ्याने जे वाचले ते कोणत्याही खताच्या हौदाने वाचवले नसते. रोजच्या उष्ट्याचे वजनही त्याच फळ्यावर लिहीत असू. कोणाला रागे न भरता.

दुसरी गोष्ट सॅनिटरी पॅडची. लाल डबा व्हरांड्यात सर्वांसमोर ठेवला, तर कोणतीही मुलगी त्यात पॅड टाकणार नाही. ते मग शौचालयात टाकले जाते आणि नळी तुंबते. डबा शौचालयाच्या आत, झाकणाचा आणि पायाने उघडणारा हवा. जवळ जुन्या वर्तमानपत्रांचे कापलेले तुकडे खुंटीला लावून ठेवावेत, म्हणजे गुंडाळायला सापडतात. उचलणाऱ्या बाईंना उघड्या हातांनी त्याला स्पर्श करावा लागू नये, हे पाहणे रेक्टरचे काम आहे.

निपाणीकर

एक राहून गेले. स्नेहसंमेलन, निरोप समारंभ आणि सत्कार यांचा कचरा वेगळा मोजा. आपल्याकडे पाहुणा आला की शाल, श्रीफळ आणि चकचकीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला पुष्पगुच्छ ठरलेलाच असतो, आणि पाहुणा तो गुच्छ बहुधा व्यासपीठावरच विसरून जातो. फलक कापडावर रंगवून घ्या, त्यावर वर्ष घालू नका. वर्षाची वेगळी पट्टी करून ती टाचणीने लावावी. आमचा ‘स्नेहसंमेलन’ असा फलक सहाव्या वर्षी अजून चालू आहे, फक्त ‘स’चा रंग उडाला आहे.

वेणुग्राम

सर्वांचे मनापासून आभार. आतापर्यंत काय झाले ते कळवते.

प्राचार्यांशी बोलले. रद्दीचे पैसे सफाई कामगारांना देण्यास त्यांची हरकत नव्हती, पण हिशेबात ते कसे दाखवायचे यावर अर्धा तास गेला. शेवटी महिन्याच्या पहिल्या शनिवारी सर्वांसमोर तोल करून, पावतीवर चौघींच्या सह्या घेऊन रक्कम वाटायची असे ठरले. मावशींना हे सांगितले, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला: “तोल कोण करणार, मॅडम?” वडगावच्या दादांनी काटा सर्वांना दिसेल असा ठेवावा, एवढी विनंती आहे. त्यानंतर मावशींनी आपण होऊन सांगितले की ग्रंथालयामागच्या बंद खोलीचे छत गळत नाही आणि कागद ठेवायला तीच खोली बरी. दीड वर्षात आमच्यापैकी कोणीही ती उघडून पाहिली नव्हती.

मजल्यांवरचे हिरवे डबे आम्ही काढतो आहोत, कारण वर्गात ओला कचरा जवळजवळ नसतोच. ते सगळे कँटीनच्या मागे, ताट ठेवण्याच्या जागेलगत नेऊन ठेवू. डब्यांवर नवीन मजकूर लिहिण्याऐवजी खरी वस्तूच तारेने बांधायची असे मुलांनी सुचवले: निळ्यावर ब्लू बुक, हिरव्यावर केळ्याची साल. साल रोज बदलावी लागेल हे त्यांच्या ध्यानात आले आहे, आणि तो मान मागच्या बाकावर बसणाऱ्या त्या टॅक्टरवाल्याने स्वतःकडे घेतला आहे.

हौदाचे काम मे महिन्यात, छप्परासह. कँटीनचालक कागदी कपांना दोन रुपये लावण्यास अजून तयार नाहीत. स्टीलचे पेले चोरीला जातात असे त्यांचे म्हणणे आहे आणि त्यावर मला उपाय सुचलेला नाही. निपाणीकर सर, आपल्याकडे पेले किती हरवले आणि ते कोणाच्या खर्चात धरले, हे कळवू शकाल का? ताणकाटा गुरुवारपर्यंतच मिळाला आहे, त्यामुळे कचऱ्याचा तोल या बुधवारीच करणार आहोत.

निपाणीकर

पहिल्या महिन्यात बरेच हरवले, नंतर फारसे नाहीत. पेल्याच्या बुडाला कॉलेजचे नाव कोरून घ्या, म्हणजे ते घरी न्यायला कोणाला आवडत नाही. ठरावीक संख्येपर्यंतचा तोटा आम्ही विद्यार्थी कल्याण निधीतून भरला आणि त्यापुढचा कँटीनचालकाने, असे आधीच लिहून घेतले होते. वसतिगृहाच्या खिडक्यांतही एकदा पाहून घ्या. आमचे अकरा पेले तेथे तुळशीची रोपे लावलेले सापडले.